वऱ्हाडातील मराठी गझलेचा रसिकवर्ग

वऱ्हाडातील मराठी गझलेचा रसिकवर्ग म्हणजे अमरावती, अकोला आणि लगतच्या जिल्ह्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी गझलेभोवती तयार झालेला श्रोत्यांचा, वाचकांचा व नवोदित कवींचा समुदाय होय. अमरावतीत जन्मलेले कवी सुरेश भट आणि अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे गायक भीमराव पांचाळे या दोन व्यक्तींमुळे या समुदायाला आकार आला. एकाने शब्द दिला, दुसऱ्याने त्याला मैफल मिळवून दिली. रसिकांनी परस्परांशी संपर्क ठेवण्याची साधने मात्र काळानुसार बदलत गेली. आधी पत्रे व पोस्टकार्डे होती, मग मैफली, मुशायरे आणि ध्वनिफिती आल्या, पुढे महाजालावरील मराठी संकेतस्थळे आली व आता भ्रमणध्वनीवरील गट आहेत. वऱ्हाडात आरंभ झालेला हा समुदाय आज उर्वरित महाराष्ट्रात, गोव्यात व परदेशस्थ मराठी कुटुंबांतही पसरलेला आहे.

इतर गायक-कवींच्या चाहत्यांपेक्षा हा वर्ग एका बाबतीत वेगळा आहे. गझल ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण कालांतराने गझल लिहू लागतात, निदान एखादा शेर जुळवून पाहतात. त्यामुळे त्यांच्या आपसातील संपर्कात कौतुकाइतकेच अध्ययन व दुरुस्ती यांनाही स्थान राहिले आहे.

पार्श्वभूमी

गझल हा काव्यप्रकार अरबी-फारसीतून उर्दूत व तेथून मराठीत आला. मराठीत या वृत्तांची शास्त्रशुद्ध ओळख करून देण्याचे श्रेय माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९) यांना दिले जाते. फारसीचे अध्यापक असलेल्या पटवर्धनांचा ‘गज्जलांजलि’ हा संग्रह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ‘छंदोरचना’ या ग्रंथात त्यांनी मराठी वृत्तांची सविस्तर मांडणी केली. तथापि त्यांच्या गझला बव्हंशी सलग भावकवितेसारख्या वाचल्या गेल्या. प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असतो, ही गझलेची मुख्य अट मराठी वाचकांच्या अंगवळणी पडण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

वऱ्हाडात या प्रकाराला अनुकूल भूमी होती. अचलपूर ही एकेकाळी इमादशाहीची राजधानी. पुढे हा प्रांत निजामाच्या अमलाखाली गेला आणि १८५३ च्या तहानंतर त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. फारसी व उर्दू यांचा वावर येथे दरबारापुरता राहिला नाही. अचलपूर, बाळापूर, अकोला, अमरावती या गावांतून उर्दू शाळा, उर्दू वाचक आणि मुशायरे यांची परंपरा टिकून राहिली. मराठी घरातील मुलाच्या कानावर उर्दू शेर पडणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हती. मराठी साहित्याची संघटित चळवळही याच भागात रुजली. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीतच झाली, त्याचे कार्यालय नंतर नागपूरला गेले. हे दोन प्रवाह बराच काळ शेजारी शेजारी वाहत होते. त्यांना एकत्र आणणारा कवी अमरावतीतच जन्मला.

सुरेश भट : पत्रे आणि बाराखडी

सुरेश श्रीधर भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत झाला. वडील डॉक्टर होते, आईला कवितेची आवड होती. वयाच्या अडीचाव्या वर्षी पोलिओ होऊन त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. संगीताचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले आणि पुढे आपल्या गझला ते स्वतःच्या चालीत गाऊन सादर करीत. ‘रूपगंधा’ (१९६१), ‘रंग माझा वेगळा’ (१९७४), ‘एल्गार’ (१९८३), ‘झंझावात’ (१९९४) आणि ‘सप्तरंग’ (२००२) हे त्यांचे संग्रह. हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतामुळे व ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ यांसारख्या चित्रपटांमुळे त्यांचे शब्द घरोघरी पोहोचले. १४ मार्च २००३ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले. नागपूर महानगरपालिकेने रेशीमबाग येथे उभारलेल्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले असून त्याचे उद्घाटन २०१७ मध्ये झाले.

कवी म्हणून भटांची थोरवी सर्वमान्य आहे. रसिकवर्गाच्या दृष्टीने मात्र त्यांचे दुसरे एक काम तितकेच मोलाचे ठरले, आणि त्याचा उल्लेख संग्रहांच्या यादीत सहसा होत नाही. ते काम पत्रव्यवहाराचे. गझल लिहू पाहणाऱ्या अनोळखी तरुणांनी पाठविलेल्या रचना भट वाचत, त्यांतील दोष दाखवीत आणि सोबत ‘गझलेची बाराखडी’ ही लहानशी पुस्तिका पाठवीत. कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तेव्हा मराठी गझलेचे तंत्र शिकण्याची सोय नव्हती. खेड्यातील शिक्षक, बँकेतील कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी अशा विखुरलेल्या माणसांना एका शिस्तीत आणण्याचे काम या चिमुकल्या पुस्तिकेने केले. एकमेकांना कधीही न भेटलेले दोन कवी एकच परिभाषा वापरू लागले आणि एकमेकांच्या शेरातील दोष एकाच शब्दाने ओळखू लागले.

बाराखडीतील परिभाषा थोडक्यात अशी. दोन ओळींचा एक शेर. शेराच्या पहिल्या ओळीला ऊला मिसरा व दुसरीला सानी मिसरा म्हणतात. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात व त्याच्या दोन्ही ओळींत यमक असते. पुढील शेरांत ते केवळ दुसऱ्या ओळीत येते. या यमकाला काफिया आणि त्यानंतर न बदलता येणाऱ्या शब्दाला अथवा शब्दसमूहाला रदीफ म्हणतात. समजा, मतल्याच्या दोन ओळी ‘वारा नव्हता’ आणि ‘तारा नव्हता’ अशा संपल्या, तर ‘नव्हता’ हा रदीफ आणि ‘वारा’, ‘तारा’ हे काफिये. पुढे ‘किनारा’, ‘पसारा’, ‘निवारा’ हे शब्द चालतील. ‘दुसरा’ मात्र चालणार नाही. शेवटी ‘रा’ असूनही त्याच्या आधीचा स्वर ‘आ’ नसून ‘अ’ आहे. न बदलणाऱ्या अक्षरापूर्वीच्या या स्थिर स्वराला अलामत म्हणतात. नवख्या कवीची गाडी अडते ती बहुधा येथेच, आणि भटांचा कटाक्षही याच ठिकाणी असे. यांखेरीज सर्व ओळी एकाच वृत्तात असणे आवश्यक असते. भुजंगप्रयात (लगागा चार वेळा), वियद्गंगा (लगागागा चार वेळा), आनंदकंद (गागालगा लगागा गागालगा लगागा) ही मराठी गझलेत वारंवार आढळणारी वृत्ते होत. ‘ल’ म्हणजे लघु आणि ‘गा’ म्हणजे गुरू. वृत्त, काफिया व रदीफ मिळून गझलेची जमीन ठरते.

हे नियम वाचून गझल लिहिता येते असे नाही. पण गझल कोठे बिघडली हे त्यांमुळे सांगता येते, आणि टपालाने शिकविण्यासाठी तेवढे पुरेसे होते. कवितेविषयीचे मतभेद पत्रातून मिटत नाहीत. अलामत चुकली आहे की नाही याचा निकाल मात्र एका पोस्टकार्डावर लागतो.

या पत्रव्यवहाराला दुसरी बाजूही होती. तंत्राचा हा आग्रह काहींना जाचक वाटला. तंत्रशुद्ध परंतु निर्जीव गझलांचे पीक त्यातूनच आले, अशी टीका मराठी समीक्षेत झालेली आहे. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. पण ज्या काव्यप्रकाराला मराठीत स्वतःची सलग परंपरा नव्हती, त्याला आधी शिस्त हवी होती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

भीमराव पांचाळे आणि मैफल

भटांच्या गझला अनेकांनी गायिल्या. चित्रपटगीते व भावगीते म्हणून त्या लोकप्रिय झाल्या, तेव्हा त्यांना गीताचे रूप आले होते. संपूर्ण मैफल केवळ मराठी गझलेची असावी हा विचार विदर्भातील गायकांनी पुढे नेला. यवतमाळ जिल्ह्यातील सुधाकर कदम यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. ‘अशी गावी मराठी गझल’ हा त्यांचा कार्यक्रम जुन्या श्रोत्यांच्या स्मरणात आहे. मात्र अनेक दशके सातत्याने केवळ मराठी गझलच गाणारे गायक म्हणून भीमराव पांचाळे यांचे स्थान वेगळे आहे. ‘गझलनवाज’ या बिरुदाने ते ओळखले जातात. ‘एक जखम सुगंधी’ हा त्यांचा ध्वनिसंग्रह विशेष गाजला. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार जाहीर केला.

पांचाळे यांची गायकी शब्दप्रधान आहे. ऊला मिसरा ते दोनदा, तीनदा, कधी त्याहून अधिक वेळा निरनिराळ्या स्वरवळणांनी गातात आणि श्रोत्याच्या मनात प्रश्न उभा राहिला की मगच सानी मिसऱ्याकडे वळतात. शेराचा परिणाम त्या मधल्या थांब्यात असतो. दुसरी ओळ येईपर्यंत सभागृह तिचा अंदाज बांधत असते, आणि ती अपेक्षेहून निराळी निघाली की दाद येते. ‘इर्शाद’ म्हणजे पुढे म्हणा, ‘मुकर्रर’ म्हणजे पुन्हा म्हणा. उर्दू मुशायऱ्यातील हे शब्द वऱ्हाडातील मराठी श्रोत्यांनी जसेच्या तसे उचलले. त्यांच्या जोडीला अस्सल वऱ्हाडी उद्गारही असत. मराठी श्रोता टाळ्या वाजवून गप्प बसतो अशी समजूत असणाऱ्यांनी एखादी वऱ्हाडी गझलमैफल ऐकावी.

पांचाळे यांनी भटांबरोबरच अनेक कवींच्या गझला गायिल्या. सांगली जिल्ह्यातील दुधगावचे इलाही जमादार (१९४६–२०२१) यांच्या गझला महाराष्ट्रभर पोहोचण्यात या मैफलींचा मोठा वाटा होता. अनेक नवोदितांचे शेरही मैफलीत कवीच्या नावासह गायिले गेले. गायकाने शेर गाण्यापूर्वी कवीचे नाव घ्यावे, हा प्रघात रसिकांच्या दृष्टीने फार उपयोगाचा ठरला. मैफल संपल्यावर श्रोते त्या कवीचा पत्ता विचारीत आणि तेथून पुढचा पत्रव्यवहार सुरू होई. घरच्या टेपरेकॉर्डरवर मैफल ध्वनिमुद्रित करून तिच्या प्रती मित्रांना देणे हाही संपर्काचा एक प्रकार होता. हातोहात गेलेल्या त्या फितींवर कवीचे व रागाचे नाव पेन्सिलीने लिहिलेले असे.

पांचाळे यांच्या पुढाकाराने कार्यरत असलेल्या गझल सागर प्रतिष्ठानाने अखिल भारतीय मराठी गझल संमेलने निरनिराळ्या गावी भरविली आणि नवोदितांसाठी कार्यशाळा घेतल्या. वर्षभर पत्राने किंवा दूरध्वनीने बोलणारी माणसे अशा संमेलनांत प्रथमच समोरासमोर येत. मुशायऱ्याइतकीच गर्दी मंडपाबाहेरच्या चहाच्या टपरीवर असते, आणि तेथेही चर्चा काफियाचीच चालते.

महाजालावरील प्रवेश

मराठी संकेतस्थळांपैकी ‘मायबोली’ १९९६ मध्ये सुरू झाले. प्रारंभीच्या काळात संगणकावर मराठी मजकूर बहुधा रोमन लिपीत लिहिला जाई. गद्य संवादाला ते चालण्यासारखे होते, गझलेला नाही. रोमन लिपीत ‘कला’, ‘काला’, ‘कळा’ आणि ‘काळा’ हे चारही शब्द एकाच रूपात दिसतात. यांतील पहिला व तिसरा लगा आहे, दुसरा व चौथा गागा. लघु-गुरू दिसतच नसेल तर वृत्त तपासणार कसे? अलामतीचा प्रश्न तर याहून बिकट, कारण ती सगळी ह्रस्व-दीर्घ स्वरांवरच उभी असते. देवनागरी फॉण्ट उपलब्ध होते, पण लिहिणाऱ्याचा फॉण्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर नसला की पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युनिकोड देवनागरी सर्वत्र वापरात आली आणि ही अडचण दूर झाली. मराठी गझलेचे महाजालावरील जीवन खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मायबोलीवर गझलेच्या कार्यशाळा झाल्या. सुरेश भटांच्या पश्चात त्यांच्या नावाने सुरू झालेल्या संकेतस्थळावर त्यांच्या रचनांबरोबर ‘गझलेची बाराखडी’ही ठेवण्यात आली. पूर्वी पाकिटातून येणारी पुस्तिका आता कोणालाही घरबसल्या वाचता येऊ लागली. नव्या कवींच्या गझलांवर तेथे इतर सदस्य मत देत व दुरुस्त्या सुचवीत. भट जे काम एकटे करीत ते आता अनेक जण मिळून करू लागले होते. त्यात लाभ होता तशी उणीवही होती. एका माणसाच्या निर्णयात जी सुसंगती असते, ती दहा जणांच्या अभिप्रायांत नसते. पण नवोदिताला उत्तरासाठी टपालाची वाट पाहावी लागत नव्हती, आणि एकाला मिळालेले उत्तर शंभरांना वाचता येत होते.

या टप्प्यावर अकोल्याचे योगदान ठळक आहे. ‘गुलाल आणि इतर गझला’ या संग्रहाचे कवी श्रीकृष्ण राऊत यांनी अकोल्यातून ‘गझलकार’ या नावाने महाजालावर मराठी गझलेचे संकलन चालविले आणि त्यातून विजयादशमीच्या निमित्ताने ‘सीमोल्लंघन’ हा विशेषांक काढला. मराठीत वार्षिक म्हटले की दिवाळी अंक डोळ्यांसमोर येतो. दसऱ्याला गावाची शीव ओलांडून आपट्याची पाने देण्याची रीत असलेल्या प्रदेशात गझलांच्या अंकाला हे नाव सुचावे, हे औचित्यपूर्णच होय. मुद्रणाचा व टपालाचा खर्च नसल्याने जिल्ह्याच्या गावातून काढलेला अंक त्याच दिवशी पुण्यात आणि परदेशातही वाचला जाऊ लागला.

ऑनलाइन संपर्काचा एक लोकप्रिय प्रकार म्हणजे तरही गझल. कार्यशाळेचा संचालक एखादी ओळ देतो. सहभागी कवींनी त्याच जमिनीत, म्हणजे तेच वृत्त, काफिया व रदीफ राखून स्वतःची गझल लिहावयाची असते. ही प्रथा उर्दू मुशायऱ्यांतून आलेली आहे. पूर्वी ओळ कळविण्यात व उत्तरे गोळा करण्यात महिना जात असे, आता आठवडाही पुरतो. एकाच ओळीवर वीस जणांनी केलेल्या गझला शेजारी शेजारी वाचताना, तंत्र समान असूनही विचार कसा वेगळा होतो, हे विद्यार्थ्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर उमगते.

समाजमाध्यमे आणि भ्रमणध्वनीवरील गट

ऑर्कुटवर मराठी कवितेचे अनेक समूह होते. ते संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तेथील चर्चा सभासदांनी उतरवून घेतल्या तेवढ्याच उरल्या. त्यानंतर फेसबुक व व्हॉट्सअॅप ही मुख्य साधने झाली. व्हॉट्सअॅप गटाची सदस्यमर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, ती २०२२ मध्ये आधी ५१२ व नंतर १०२४ करण्यात आली. मर्यादा कमी असताना एकाच गटाचे ‘भाग १’, ‘भाग २’ असे फाटे फुटत आणि दोन्ही भागांत तीच गझल दोनदा वाचावी लागे. बहुतेक गझलगटांचे नियम सारखेच असतात. शुभप्रभात-संदेश नकोत, राजकारण नको, गझलेखाली कवीचे नाव व वृत्त लिहावे, ठरलेल्या वारी तरही. हे नियम किती पाळले जातात हे गटचालकाच्या चिकाटीवर अवलंबून असते.

भ्रमणध्वनीमुळे दोन नवे प्रश्न उभे राहिले. पहिला, टंकलेखनातील स्वयंसुधारणेचा. वृत्तासाठी कवी ‘आणि’चे ‘आणी’ किंवा ‘नाही’चे ‘नाहि’ करतो. ही सवलत काव्यात मान्य आहे. दूरध्वनीची कळफलक-प्रणाली मात्र ती चूक समजून शब्द ‘शुद्ध’ करून टाकते आणि ओळीची एक मात्रा घटते वा वाढते. वाचणारा दोष कवीच्या माथी मारतो. फळ्यावर लघु-गुरूंच्या खुणा करून वृत्ते शिकविलेल्या पिढीला या यंत्राची शुद्धलेखननिष्ठा पाहून हसावे की रडावे हे कळत नाही.

दुसरा प्रश्न वाचनाचा. मैफलीत ऊला आणि सानी मिसऱ्यांच्या मध्ये जो थांबा असतो, तो पडद्यावर नसतो. दोन्ही ओळी डोळ्यांना एकदमच दिसतात आणि शेराचा धक्का बोथट होतो. काही कवी दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा सोडतात. त्यापेक्षा ध्वनिसंदेशाचा उपाय अधिक परिणामकारक ठरला. कवी आपल्या आवाजात, हवा तेवढा थांबून शेर म्हणतो. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, सभागृहे बंद असताना दृक्श्राव्य मुशायरे झाले व त्यांत दूरदूरच्या गावांतील कवी एका पडद्यावर आले. दादेचा प्रश्न मात्र तेथेही सुटला नाही. सर्वांचे ध्वनिग्राहक बंद ठेवावे लागत असल्याने कवी निःशब्द चौकटींसमोर शेर म्हणे आणि ‘वाह’ अक्षरांत लिहून येई. गटावरील दादेविषयीची तक्रार वेगळीच आहे. गझल टाकल्यापासून अर्ध्या मिनिटात टाळ्यांची चिन्हे येतात, तेव्हा ती वाचून आलेली नसतात हे टाकणाऱ्यालाही ठाऊक असते.

नावाचा प्रश्न

या रसिकवर्गात सर्वाधिक कळकळीने बोलला जाणारा विषय कवीच्या नामोल्लेखाचा आहे. दोन ओळींचा शेर स्वयंपूर्ण असल्याने तो गझलेतून सुटा काढता येतो, पाठ होतो आणि फिरू लागतो. हेच त्याचे बळ व हीच त्याची अडचण. फिरता फिरता त्याखालचे नाव गळते, किंवा दुसऱ्याच कुणा प्रसिद्ध कवीचे नाव त्यास चिकटते. भटांनी न लिहिलेले शेर त्यांच्या नावावर फिरताना आढळतात, आणि अल्पपरिचित कवीचा चांगला शेर ‘अज्ञात’ म्हणून पुढे जातो. नामवंतांचे त्यात फारसे बिघडत नाही. ज्याचा एकच शेर लोकांपर्यंत पोहोचला, त्याच्याकडून तोही हिरावला जातो.

जुन्या परंपरेने यावर एक उपाय योजलेला होता. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, कवी आपले टोपणनाव गुंफत असे. त्यास तखल्लुस म्हणतात. मौखिक प्रसाराच्या काळात ती एक प्रकारची स्वाक्षरीच होती. मराठीत इलाही जमादारांनी हा रिवाज निष्ठेने पाळला. त्यांच्या मक्त्यांत ‘इलाही’ हे नाव येते. बहुतेक मराठी गझलकारांनी तो सोडून दिला. अर्थात तखल्लुस मक्त्यापुरतेच रक्षण करते. मधला शेर सुटा निघाला की तोही अनाथ होतो.

नाव गळणे ही केवळ समाजमाध्यमांची देणगी नव्हे. भटांची ‘भीमवंदना’ आंबेडकरी समाजाच्या असंख्य कार्यक्रमांत गायिली जाते. ती म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना कवीचे नाव ठाऊक नसते. बौद्ध धम्माचा स्वीकार केलेल्या कवीची रचना लोकांनी इतकी आपली मानावी की कवीची आठवणही उरू नये, याकडे कोणी सन्मान म्हणून पाहतात, कोणी अन्याय म्हणून. भटांच्याच मराठी भाषागौरवाच्या कवितेला संगीतकार कौशल इनामदार यांनी २०१० मध्ये शेकडो गायकांच्या सहभागाने ‘मराठी अभिमानगीता’चे रूप दिले. ते शाळाशाळांतून गायिले जाते, आणि तेथेही संगीतकाराचे नाव सांगितले गेले तरी कवीचे राहून जाते, किंवा उलट होते.

या बाबतीत गझलगटांनी स्वतःहून काही पद्धती पाडल्या आहेत. नावाविना आलेला शेर गटचालक परत पाठवितो. शंका आल्यास जुन्या सदस्यांकडून संग्रहाचे नाव व पान मागविले जाते. मूळ संग्रहाच्या पानाचे छायाचित्र टाकणे हा अंतिम पुरावा मानला जातो. ज्यांच्याकडे ‘एल्गार’ची किंवा ‘रंग माझा वेगळा’ची जुनी प्रत आहे, त्यांना अशा वेळी मोठा मान असतो.

पत्रे व संदेशांचे जतन

भटांनी नवोदितांना लिहिलेली पत्रे आज त्या त्या कुटुंबांकडे आहेत. काहींनी ती चौकटीत लावून ठेवली आहेत, काही रद्दीत गेली असणार. पत्र दोघांपैकी एकाकडेच राहते. भटांचे उत्तर कवीच्या घरी सापडते, पण ज्या गझलेवर ते उत्तर होते ती मूळ रूपात बहुधा मिळत नाही. कवीने ती सुधारलेली असते आणि चुकीची आवृत्ती जपण्याचे कारण त्याला नसते. अभ्यासकाला मात्र नेमकी तीच हवी असते.

भ्रमणध्वनीवरील गटांत हा क्रम उलटा आहे. तेथे चुकीची गझल, तिच्यावरील चर्चा आणि सुधारलेली गझल हे सगळे एकाखाली एक असते. परंतु फोन बदलला, साठवण भरली किंवा गटचालकाने गट मोडला की सर्वच जाते. भटांच्या पत्राचा कागद निदान पिवळा पडून का होईना, चाळीस वर्षे टिकला. काही गटांनी वर्षाअखेरीस निवडक गझला व चर्चा संकलित करून धारिकेच्या रूपाने सदस्यांना देण्यास आरंभ केला आहे. तरही गझलांचे छोटे संग्रहही छापले जातात. गटावर बारकाईने तपासलेल्या त्या पुस्तकांत मुद्रितशोधनाच्या वेळी एखादे ‘आणी’ पुन्हा ‘आणि’ झालेले आढळते, आणि गटात त्यावर नव्याने चर्चा सुरू होते.